लंडनमध्ये उभ्याने ऐकलेले गाणे

परदेशात राहून आलेल्या माणसाला नातेवाईक आणि शेजारी ठरावीक गोष्टी विचारतात. राजवाडा पाहिला का? थंडी किती असते? पगार किती मिळतो? आम्ही तीन वर्षे लंडनला काढून परत आलो, तेव्हा आम्हालाही हेच विचारले गेले. ‘तिथे गाणे ऐकले का?’ असे मात्र कोणीही विचारले नाही. आमच्या खर्चाच्या वहीत तर घरभाडे आणि किराणा यांच्या खालोखाल जो रकाना भरलेला आहे तो गाण्याच्या तिकिटांचा आहे. तो रकाना कसा भरला, ते वाचकांना सांगावे असे बरेच दिवस मनात होते.

आमची पत्नी नर्स. २०२१ च्या सप्टेंबरात तिला लंडनच्या एका रुग्णालयात नोकरी मिळाली. आम्ही ऑफिसातून बिनपगारी रजा मंजूर करून घेतली आणि अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन तिच्याबरोबर गेलो. वेम्बली भागात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. एका घाऊक मालाच्या गोदामात बिले लिहिण्याचे काम आम्हाला मिळाले. बी.कॉम. झालेला कारकून जगाच्या पाठीवर कुठेही गेला तरी शेवटी बिलेच लिहितो, असे आमची पत्नी म्हणते. ते काही खोटे नाही.

पहिले काही महिने फार जड गेले. मुंबईत आमची संध्याकाळ कधी आमची नव्हतीच. अभ्यासवर्ग, रक्तदान शिबिर, कोणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कोणाच्या मुलाचा प्रवेश, असे काही ना काही चालूच असे. दारात चार माणसे नसली तर आईला काळजी वाटायची. लंडनला सहा वाजता दार लावले की ते सकाळीच उघडायचे. पत्नीची रात्रपाळी असली म्हणजे आम्ही बापलेक खिडकीतून रस्ता पाहत बसायचो.

त्या दिवसांत पहिले गाणे ऐकले ते भुयारी रेल्वेच्या स्टेशनात. सरकत्या जिन्याच्या खाली फरशीवर एक अर्धवर्तुळ आखलेले होते आणि त्यात उभा राहून एक मनुष्य सॅक्सोफोन वाजवीत होता. आम्हाला वाटले, गरजू असेल. पुढे कळले की २००३ पासून तिथे वादकांना रीतसर परवाना मिळतो आणि ती अर्धवर्तुळे त्यांच्या हक्काच्या जागा आहेत. म्हणजे तो भीक मागत नव्हता, कामावर होता. आम्ही पन्नास पेन्सचे नाणे टाकले. वहीत नोंद केली, ‘संगीत – ०.५०’. तो रकाना असा सुरू झाला.

पहिली फजिती

गोदामात आमच्या शेजारी एक सहकारी होते, मूळचे जमैकाचे, वयाने आमच्यापेक्षा बरेच मोठे. आमची मुलगी त्यांना अंकल म्हणायची. आमचा उतरलेला चेहरा पाहून ते म्हणाले, घरात बसून राहाल तर आजारी पडाल, गाणे ऐकायला जा. त्यांनीच एका रेगे गाण्याच्या कार्यक्रमाचे नाव सांगितले. आम्ही तीन तिकिटे काढली. बावीस पौंड एकाचे, वर बुकिंगचा आकार. पौंडाला शंभर रुपये असा ढोबळ गुणाकार केल्यावर रात्रभर झोप आली नाही.

तिकिटावर सात वाजता असे लिहिले होते. आपल्याकडे सातचा कार्यक्रम नऊला सुरू होतो, पण हे लोक वेळेचे पक्के, म्हणून आम्ही साडेसहालाच थंडीत जाऊन उभे राहिलो. बरोबर चपातीभाजीचा डबा. दारावर पिशवी तपासली, डबा बाहेर ठेवायला सांगितला. मग मुलीचे वय विचारले. उभ्याने ऐकण्याच्या त्या जागेत चौदा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नव्हता. चूक त्यांची नव्हती. तिकिटावर बारीक अक्षरांत सगळे छापलेले होते. दिवसभर दुसऱ्यांची बिले डोळ्यांत तेल घालून तपासणाऱ्याने स्वतःचे तिकीट मात्र वाचले नव्हते.

पत्नी म्हणाली, “पैसे तर गेलेच. तुम्ही जा आत. मी हिला घेऊन घरी जाते.” मुलगी रडत नव्हती. रडली असती तर बरे झाले असते. आम्ही एकटेच आत गेलो. सात ही दार उघडण्याची वेळ होती. आधी एका नवख्या बँडने गाणी म्हटली आणि मुख्य गायक सव्वानऊला आला. सगळे हॉल डुलत होते, आम्ही कोट अंगात ठेवून खांबाला टेकून उभे. घरी दोघी जेवल्या असतील का, शेवटची बस कधीची, सहासष्ट पौंडांचे किती किलो तांदूळ आले असते, एवढेच डोक्यात. गाण्यातला एक शब्दही आठवत नाही. ही जागा आपल्यासाठी नाही, असे मनाशी ठरवून आम्ही बाहेर पडलो.

असे ठरवायला माणसाला फार वेळ लागत नाही. कोणी हाकलले तर माणूस भांडतो तरी. पण आपल्याला इथली रीत कळत नाही असे एकदा वाटले की तो आपणहून परत फिरतो आणि घरी येऊन ‘आम्हाला त्याची आवड नाही’ असे सांगतो. आम्हीही चार महिने हेच सांगत होतो.

चॉक फार्मची गोल इमारत

२०२२ च्या १४ एप्रिलला आम्ही तिघे १०, किंग हेन्रीज रोड या घरासमोर फुले घेऊन गेलो. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना या घरात राहिले होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले, हे वाचकांना ठाऊक आहेच. भिंतीवरची पाटी वाचून आम्ही चॉक फार्म स्टेशनकडे पायी निघालो. थोडे चाललो तोच विटांची एक भलीमोठी गोल इमारत दिसली. नाव राउंडहाउस. मुलगी म्हणाली, “पप्पा, ही पाण्याची टाकी आहे का?”

ती टाकी नव्हती, रेल्वेची इंजिने फिरवण्याची शेड होती. १८४७ साली बांधलेली. मधोमध इंजिन वळवण्याचे फिरते चक्र, भोवती चोवीस लोखंडी खांब. थोड्याच वर्षांत इंजिने लांब झाली, त्या चक्रावर मावेनात, आणि शेड निकामी झाली. मग कित्येक वर्षे तिथे जिन नावाच्या दारूचे गोदाम होते. 

तिचे गाण्याचे घर कसे झाले, ती हकिगत आम्हाला फार आवडली. १९६० साली ब्रिटनच्या कामगार संघटनांच्या परिषदेपुढे एक ठराव आला. कामगारांच्या आयुष्यात कलेलाही जागा असली पाहिजे आणि संघटनांनी त्यात लक्ष घातले पाहिजे, असा त्याचा आशय. विषयपत्रिकेवर त्याचा क्रमांक होता ४२. नाटककार आर्नोल्ड वेस्कर यांनी तोच आकडा घेऊन ‘सेंटर ४२’ ही संस्था काढली आणि १९६४ मध्ये ही रिकामी इमारत तिच्या हाती आली. संस्थेचे स्वप्न पैशाअभावी पुरते साधले नाही. पण इमारतीत गाणे शिरले ते शिरलेच. १९८३ ते २००६ या काळात बराच वेळ ती बंद होती. आता मोठमोठ्या बँडचे कार्यक्रम वर होतात आणि खाली तरुण मुलांसाठी गाण्याच्या, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत. युनियनची वर्गणी भरणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनाला वाटले, ही जागा तर आपल्या ठरावातून निघालेली आहे! बाहेर कशाला उभे राहायचे?

या वेळी आम्ही तिकिटाचा प्रत्येक शब्द वाचला. तिथल्याच मुलामुलींचा बसून ऐकण्याचा कार्यक्रम निवडला, मुलांना प्रवेश आहे याची खात्री करून घेतली, आणि जेवून निघालो. अठरा-वीस वर्षांची पोरे आपल्या वस्तीचे, आईच्या नोकरीचे, रस्त्यावर पोलीस अडवतात त्याचे गाणे करून म्हणत होती. इंग्रजी अर्धेच कळले. पण माणूस आपले म्हणणे तालात मांडतो आहे आणि समोरची माणसे ‘हो, बरोबर’ म्हणून दाद देत आहेत, हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आमचे बालपण त्याच्यातच गेले आहे.

ढोलकी

इथे वडिलांविषयी सांगणे भाग आहे. आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी केली. पण नायगावच्या बी.डी.डी. चाळीत त्यांना लोक ओळखत ते ढोलकीवाले म्हणून. गायन पार्टीत पेटी, बँजो आणि ढोलकी. दोन चाळींमधल्या रस्त्यावर मंडप, खाली सतरंज्या, आणि रात्रभर गाणे. तिकीट नाही, दार नाही. पुढे पोरे, मागे बाया, कडेला उभे पुरुष. त्यांच्या पार्टीची एक कॅसेटही निघाली होती. कंपनीने वडिलांना एकावन्न रुपये दिले, एकदाच. कॅसेटच्या कागदावर गायकाचे नाव होते, वादकांची नव्हती. ती कॅसेट किती खपली ते आम्हाला कधी कळले नाही. पण कित्येक वर्षे जयंतीला ती वाजायची आणि वडील रस्त्यात थांबून आपलीच ढोलकी ऐकायचे.

२०२२ च्या जून महिन्यात वडील गेले. पत्नीला रजा मिळेना, विमानाचे भाडे दुप्पट झालेले, आणि तिकीट मिळेल तोवर इकडे सगळे आटोपणार होते. भावाने मोबाइलवर दाखवले. वेम्बलीच्या खोलीत बसून आम्ही बापाला शेवटचे पाहिले. परदेशी राहणाऱ्या पुष्कळांच्या वाट्याला हे येते, त्यात आमचे वेगळे काही नाही. पण त्यानंतर दोन महिने त्या रकान्यात काही लिहिले गेले नाही. घरात रेडिओसुद्धा लावावासा वाटेना.

तेलाच्या पिंपाचा आवाज

ऑगस्टच्या शेवटी गोदामातले ते सहकारी म्हणाले, दोन वर्षांनी कार्निव्हल रस्त्यावर होतो आहे, मुलीला घेऊन या. नॉटिंग हिलचा कार्निव्हल ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेला रविवारी आणि सोमवारी असतो. रविवार लेकुरवाळ्यांचा. कोविडमुळे २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी तो रस्त्यावर झालेला नव्हता. आमचे मन नव्हते, पण त्यांचा शब्द मोडवेना.

वाटेत त्यांनी जे सांगितले ते आम्ही पुढे पुस्तकांतूनही पडताळून पाहिले. १९५८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस याच भागात गोऱ्यांच्या टोळ्यांनी वेस्ट इंडीजहून आलेल्या लोकांच्या घरांवर हल्ले केले. तेव्हा क्लॉडिया जोन्स नावाची, त्रिनिदादमध्ये जन्मलेली एक बाई लंडनमध्ये आपल्या लोकांसाठी वर्तमानपत्र चालवीत होती. तिने ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पँक्रासच्या टाऊन हॉलमध्ये, भर थंडीत, छपराखाली कार्निव्हल भरवला. दंगलीच्या खटल्यांत तरुण मुलांना जे दंड झाले होते, ते भरण्यासाठी त्या उत्पन्नातला काही भाग ठेवला होता. पुढे १९६६ पासून नॉटिंग हिलच्या रस्त्यांवर उत्सव सुरू झाला, तो आज युरोपातल्या मोठ्या रस्त्यांवरच्या उत्सवांत गणला जातो. ज्या गल्लीत दगड खाल्ले तिथेच वाजवायचे. या उत्तराची जात आम्हाला ओळखीची वाटली.

स्टीलपॅन हे वाद्य आम्ही प्रथम जवळून पाहिले. त्रिनिदादमध्ये इंग्रज सरकारने १८८० च्या दशकात ढोल वाजवण्यावर बंदी घातली. लोकांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे डबे, पत्रे आणि शेवटी तेलाची रिकामी पिंपे घेऊन, त्यांचे तोंड ठोकून ठोकून त्यातून सूर काढले. ढोल काढून घेतला तर पिंपाला बोलते केले! मुलीने एका बाईंच्या परवानगीने त्यावर काठी मारून पाहिली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “आजोबांना हे आवडलं असतं.”

दुपारी तीन वाजता एकदम सगळे थांबले. स्पीकर बंद, नाच बंद. जवळच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागून ७२ माणसे गेली. त्यांच्यासाठी ७२ सेकंद शांतता. एवढा मोठा रस्ता गप्प उभा राहिला. आम्हीही मान खाली घालून उभे राहिलो. वडील गेल्यानंतर चार माणसांत उभे राहून दुःख करण्याची वेळ आम्हाला मिळालीच नव्हती. ती त्या परक्या रस्त्यावर, परक्या माणसांच्या मृत्यूच्या निमित्ताने मिळाली. मग पुन्हा ढोल सुरू झाले.

आठ दिवसांच्या आत

त्याच आठवड्यात, शुक्रवारी २ सप्टेंबरला, आम्ही रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेलो. हे नाव आपल्याकडे माहीत आहे ते बरेचसे लता मंगेशकरांमुळे. १९७४ मध्ये त्यांचा कार्यक्रम तिथे झाला होता. १८७१ साली उघडलेली ही गोल इमारत पाच हजारांवर माणसे सामावून घेते. आमच्यासारख्याने आत जाण्याचा विचार केला नसता. पण ‘प्रॉम्स’ची रीत त्याच सहकाऱ्यांनी समजावून सांगितली.

प्रॉम्स ही १८९५ साली सुरू झालेली उन्हाळी मैफलींची मालिका. बैठकीतले महाग संगीत साध्या माणसाला ऐकायला मिळावे म्हणून तेव्हा एक शिलिंगात उभ्याने प्रवेश ठेवला होता. पहिले सभागृह, क्वीन्स हॉल, १९४१ च्या मे महिन्यात बाँबहल्ल्यात जळाले, तेव्हा मैफली अल्बर्ट हॉलमध्ये आल्या. १९२७ पासून बी.बी.सी. त्या भरवते. उभ्याची प्रथा अजून चालू आहे. त्याच दिवशी सकाळी ही स्वस्त तिकिटे विक्रीला येतात. आम्हाला एक तिकीट दहा पौंडांच्या आत पडले. आणि उभे राहायचे कुठे? मागे नव्हे, कोपऱ्यात नव्हे, थेट स्टेजच्या पुढे, मधल्या चौकात. महाग तिकीट काढणारा वर मखमली खुर्चीत, आणि सर्वांत कमी पैसे देणारा वादकांच्या सर्वांत जवळ. आमच्या चाळीच्या मंडपात पुढच्या सतरंजीवर पोरे बसत, तसेच.

तिथे जुने वारकरी असावेत तसे नेमाने येणारे लोक असतात. ते रांगेत नंबर लावतात, जागा सांभाळतात, गरजू कलावंतांच्या निधीसाठी बादल्या फिरवतात. पियानोचे झाकण उचलले की खालचे आणि वरचे मिळून मोठ्याने आरोळी देतात. आमच्या मुलीला उंचीमुळे दिसेना, तेव्हा एका आजीबाईंनी तिला खांद्याला धरून पुढे घेतले. वय कोणी विचारले नाही. लहानग्यांच्या प्रवेशाचा नियम आम्ही आधीच वाचला होता!

त्या रात्री चिनेके नावाचा ऑर्केस्ट्रा होता. ची-ची न्वानोकू या बाईंनी तो २०१५ मध्ये उभा केला. वडील नायजेरियाचे, आई आयर्लंडची, वाद्य डबल बास. आयुष्यभर मोठमोठ्या वाद्यवृंदांत वाजवताना स्टेजवर आपल्यासारखे दुसरे कोणी दिसत नाही, हे त्यांच्या मनाला लागले. चिनेकेमध्ये बहुसंख्य वादक कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतले आहेत. प्रथम अमेरिकेच्या जॉर्ज वॉकर यांची ‘लायलॅक्स’ ही रचना झाली. तिला १९९६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. संगीतासाठी ते मिळवणारे वॉकर हे पहिले कृष्णवर्णीय रचनाकार. मग बेथोव्हनची नववी सिंफनी. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने त्यासाठी त्याला पन्नास पौंड देऊ केले होते, आणि १८२४ मध्ये व्हिएन्नात ती प्रथम वाजली तेव्हा तो जवळजवळ पूर्ण बहिरा होता.

आम्हाला या संगीतातले काही कळत नाही. खोटे कशाला बोलावे? पहिला भाग डोक्यावरून गेला. दुसरा भाग सुरू झाला आणि मागे बसलेल्या नगारेवाल्याने एकट्याने एक टोला दिला. तोच ताल, मध्येच, सगळ्यांना थांबवून, पुन्हा. असे तो सारखे करू लागला. जणू सगळे आपापले बोलत आहेत आणि हा म्हणतो आहे, मी पण आहे. आम्ही मुलीकडे पाहिले. तिने आमच्याकडे पाहिले. त्या क्षणी आमच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, ते बराच वेळ थांबेना. शेजारच्या गृहस्थांनी काही न बोलता कागदी रुमाल पुढे केला. शेवटच्या भागात, तोवर तासभर गप्प असलेले गायक उठले, आणि सर्व माणसांनी भावंडे व्हावे अशा आशयाचे ते गाणे सुरू झाले. त्या रात्री गाणारे कोण होते आणि वाजवणारे कोण होते हे पाहिले, म्हणजे तो आशय नुसता शब्दांत राहत नाही.

घरी येताना मुलीने विचारले, “पप्पा, आजोबा कधीच अशा हॉलमध्ये का नाही वाजवले?” आम्ही म्हणालो, उद्या सांगतो. उद्याही सांगता आले नाही.

पंधरा गिनी आणि एकावन्न रुपये

उत्तर शोधताना त्याच हॉलशी जोडलेले एक नाव हाती लागले. सॅम्युअल कोलरिज-टेलर. १८७५ मध्ये लंडनमध्ये जन्म, वडील पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे डॉक्टर, आई इंग्रज. १८९८ मध्ये त्याने ‘हायवाथाज वेडिंग फीस्ट’ ही रचना केली. इंग्लंडभर गायकवृंदांनी ती उचलली. तिचे छापील कागद प्रचंड खपले. पण त्याने हक्क एकरकमी विकले होते, पंधरा गिनीला. पुढे पैसा आला तो प्रकाशकाला. शिकवण्या आणि कार्यक्रम करीत तो १९१२ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, न्यूमोनियाने गेला. नंतर १९२४ ते १९३९ या काळात अल्बर्ट हॉलमध्ये त्याचीच ही रचना शेकडो गायकांसह उन्हाळ्यात रंगत असे. त्याच्या कुटुंबाच्या हलाखीची चर्चा झाली आणि सादरीकरणाचा मोबदला रचनाकाराला मिळावा म्हणून १९१४ मध्ये जी संस्था स्थापन झाली, तिच्या मागच्या कारणांत त्याचे उदाहरण सांगितले जाते.

पंधरा गिनी वाचल्यावर आम्हाला एकावन्न रुपये आठवले. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा स्वामित्वधनाचा वाटा कायद्याने राखला गेला आहे. पण ज्यांनी आयुष्यभर रस्त्यावर वाजवले, ज्यांचे नाव कागदावर आलेच नाही, त्यांना कायदा कुठे शोधणार? नाव लिहिलेले असेल तरच हिशेब होतो. हे कारकुनाला कोणी शिकवायला नको.

मोठे आणि लहान

आम्ही वेम्बलीला राहत असल्याने मोठ्या कार्यक्रमांची गर्दीही पाहिली. तिथल्या स्टेडियममध्ये नव्वद हजार माणसे बसतात. २०२४ च्या उन्हाळ्यात टेलर स्विफ्ट या गायिकेचे तिथे आठ कार्यक्रम झाले. मण्यांची कंकणे घातलेल्या मुली आमच्या रस्त्यावरून लोटत होत्या. तिकीट आमच्या ऐपतीबाहेरचे. आम्ही कोपऱ्यावर उभे राहून वाऱ्याबरोबर येईल तेवढे ऐकले, मुलीने शेजारणीशी कंकण बदलून घेतले.

पण त्याच देशात २०२३ या एका वर्षात सव्वाशे लहान जागांतले गाणे बंद झाले. भाडे, विजेचे बिल, कर परवडेना. नवखा बँड आधी वाजवतो तो अशाच खोल्यांत. मोठे स्टेडियम भरते, पण ते भरणारा गायक तयार होतो दीडशे माणसांच्या खोलीत. म्हणून दुसऱ्या वर्षापासून आम्ही ठरवले, महिन्यातून एकदा लहान जागी जायचे आणि मुख्य गायकाआधीच्या नवख्यालाही पहिल्यापासून ऐकायचे.

जाणाऱ्यांसाठी

आपली मुले आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जात आहेत. त्यांना अनुभवाचे चार बोल सांगतो. तिकीट पुरते वाचा. वयाची अट, उभ्याचे की बसायचे, दार कधी उघडणार, सर्व त्यावर असते. ओळखपत्र जवळ ठेवा. पिशवी लहान न्या, जेवून जा. आवाज फार मोठा असेल तर कानात बोळे घाला, त्यात लाज नाही. परतीची शेवटची गाडी आधी पाहून ठेवा. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या काही मार्गांवर शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर गाड्या असतात. पैसे नसतील तर चर्चमधल्या दुपारच्या मैफली, स्टेशनातले वादक, रस्त्यावरचे उत्सव आहेत. आणि एकदा फजिती झाली म्हणून परत फिरू नका. आम्ही फिरलो असतो तर पुढचे काहीच ऐकले नसते.

परत आल्यावर

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही परत आलो. वडिलांची ढोलकी माळ्यावर होती, पुडी सैल पडलेली. दुरुस्त करून आणली. पुढच्या जूनमध्ये स्मृतिदिनाला वडिलांच्या पार्टीतली जी तीन माणसे उरली आहेत त्यांना बोलावले, बरोबर दोन तरुण मुले. हँडबिल छापले, त्यावर गायकाचे नाव जेवढ्या अक्षरांत, तेवढ्याच अक्षरांत पेटीवाल्याचे, बँजोवाल्याचे आणि ढोलकीवाल्याचे. मानधन पाकिटात घातले आणि पावतीवर सह्या घेतल्या. बँजोवाल्या काकांनी सही करताना विचारले, “पावती कशाला रे बाबा?” आम्ही म्हणालो, “काका, तुम्ही वाजवलंत याचा कागद असू द्या.” त्यांनी चष्मा पुसला आणि पूर्ण नाव लिहिले, बापाच्या नावासकट.

आमची मुलगी आता त्या दोन तरुणांकडे ढोलकी शिकते. हात अजून कच्चा आहे. शेजारी तक्रार करतात, करोत. आपल्या वस्तीत पुढच्या वेळी मंडप पडेल तेव्हा वाचकांनी एवढेच करावे. सुरुवातीपासून जाऊन बसावे, आणि वाजवणाऱ्याचे नाव विचारून घ्यावे.